सातव्या माळेचे व्होल्ट

मला बॅटरी ऐकू येते. यात थोडी बढाई आहे, पण गोष्ट खरी आहे. माजलगावात मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बॅटरीचं दुकान आहे. नवऱ्याची कंबर गेली आणि जड उचलायला डॉक्टरांनी मनाई केली, तेव्हापासून म्हणजे गेली चौदा वर्षं दुकान मी बघते. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरवाले कारखान्याच्या रांगेतून फोन करतात. मी म्हणते, फोन सेल्फजवळ धर आणि चावी मार. इंजिन कसं फिरतंय ते ऐकलं की बॅटरी पंधरा दिवस काढेल की आज संध्याकाळीच बसेल, हे मी इथून सांगते. बहुतेक वेळा माझं बरोबर येतं. चुकतं तेव्हा मी ट्रॅक्टरवाल्यावर चिडते, की तूच फोन नीट धरला नाहीस.

एवढा तोरा असलेल्या बाईच्या सख्ख्या आईची गाडी मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात बंद पडली.

माझं माहेर चकलांब्याचं. माय तिथे धाकट्या भावाकडे असते. तिच्या किडन्या गेल्या, त्याला आता तीन वर्षं होतील. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला बीडला डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळी आठची पाळी, म्हणजे सहाला घरातून निघायचं. भावाची जीप आहे. एरवी तो तिच्यातून गेवराईच्या बाजाराची माणसं नेतो, श्रावणात कपिलधारला जाणारी भाडी मारतो. पण हे तीन दिवस जीप मायची. त्या थंडीत एका सोमवारी त्याने चावी फिरवली आणि सेल्फने नुसतं टक केलं. गाव कापूस वेचायला शेतात गेलेलं, धक्का मारायला माणूस नाही. माणसं गोळा होऊन जीप सुरू होईपर्यंत दहा वाजले आणि मशीन पुढच्या पेशंटला दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी नंबर लागला तेव्हा मायचे पाय खांबासारखे सुजले होते आणि दोन वाक्यं बोलली की तिला दम लागत होता. तिला दोन दिवस ठेवून घेतलं.

मी ट्रॅक्टरवाल्यांना फोनवर भविष्य सांगत होते आणि मायच्या जीपची बॅटरी मी वर्षभर ऐकलेलीच नव्हती. ही लाज मला अजून वाटते. त्याच आठवड्यात मी स्वतः जाऊन नवी बॅटरी बसवली. पण नवीवरचाही माझा विश्वास उडाला होता. रोज सकाळी भावाला फोन करून गाडी उठली का विचारायचे.

मग उन्हाळ्यात दुकानात एक नवी डबी विकायला आली. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, दोन वायरी बाहेर आलेल्या. बॅटरीच्या दोन टोकांना जोडायच्या, की मोबाइलवर आकडा दिसतो. नुसता आत्ताचा नाही. रात्रभर आकडा किती उतरला, सेल्फ मारताना किती खाली डुबकी मारली, गाडी चालू असताना चार्जिंग किती आलं, सगळ्याची रेघ काढून दाखवते आणि बॅटरीची तब्येत इतके टक्के असंही लिहिते. मी कानाने जे ऐकत होते ते मला पहिल्यांदाच डोळ्यांना दिसलं. मला इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी मी ती डबी दुकानातल्या झाडून सगळ्या बॅटऱ्यांना लावली, इन्व्हर्टरला लावली, शेजारच्या रसवंतीवाल्याच्या टेम्पोला लावली. नवरा म्हणाला, आता जेवायला तरी बस. मी तिसऱ्या दिवशी स्कूटी काढली आणि चकलांब्याला जाऊन दुसरी डबी जीपला बसवून आले.

अडचण एकच होती. डबीचा आकडा जीपच्या जवळ असलेल्या मोबाइलवरच दिसतो, माजलगावात बसून मला तो कळणार कसा? भाऊ म्हणाला, मला रोज जमणार नाही. माय बाजेवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, मला आकडे येतात, मी सांगत जाईन.

तसं तिला आकड्यांचं नवल नव्हतंच. मशीनवर जायच्या आधी वजन, उतरल्यावर वजन, बीपी वर किती, खाली किती, दिवसाला पाणी किती प्यायचं, सगळं तिच्या तोंडावर असतं. ती डबीचा आकडाही तसाच सांगायला लागली. रोज सकाळी तोंड धुऊन ती अंगणात उभ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसायची, भावाच्या मोबाइलवर आकडा बघायची आणि मला आवाजाचा मेसेज पाठवायची. "आज बारा सहा हाय." एवढंच. मधलं टिंब ती सोडून द्यायची. चहाच्या आधी मी तो मेसेज ऐकायचे आणि दिवस सरळ सुरू व्हायचा. मी वहीत रेघा मारून ठेवायचे. बारा सहा, बारा सहा, बारा पाच, बारा सहा. बॅटरीची तब्येत एक्याण्णव टक्के.

डबी बसवली त्या दिवशीच तिने तब्येतीचा तो आकडा बोटाने दाखवून मला विचारलं होतं, माझी किती टक्के म्हणायची? मी सगळ्या गावाला उत्तरं देणारी. त्या वेळी मात्र तुझी माझ्यापेक्षा बरी आहे, असं काहीतरी पुटपुटून मी पाना शोधायला खाली वाकले.

नवरात्र लागलं. सोमवारी घट बसले. मंगळवारी सकाळी मेसेज आला, "बारा पाच." बुधवारी, "बारा तीन." मी कपबशी खाली ठेवली. गाडी बीडला जाऊन आली म्हणजे बॅटरी भरायला पाहिजे. गुरुवारी आकडा चढला, पण बारा चारवरच अडला. शुक्रवारी बारा दोन. मी विचारलं तेव्हा मायने सांगितलं, त्या सकाळी सेल्फने मारलेली डुबकीही आधीपेक्षा खोल होती. कुठेतरी गळती होती. गाडी बंद असताना काहीतरी गुपचूप करंट पीत होतं.

खरं सांगते, मला काळजी वाटली आणि त्याचबरोबर अंगात वारं शिरलं. इतकी वर्षं बॅटरी बसल्यावर लोक माझ्याकडे येत होते. ही बसायच्या आधी मला दिसत होती. मी वहीतल्या रेघेला पट्टी लावून रेघ पुढे वाढवली. आठवड्यातली सगळ्यात मोठी फट शुक्रवार ते सोमवार असते. गाडी तीन रात्री उभी. मायलाही ती फट सगळ्यात जड जाते, अंगात तीन दिवसांचं पाणी साठतं. माझी रेघ सोमवारी सकाळी बारा व्होल्टच्याही खाली गेली. डिझेल गाडी तिथे उठत नाही. म्हणजे बरोबर सोमवारी, ज्या दिवशी मायला थांबून चालणारच नाही त्याच दिवशी, पुन्हा टक.

भावाला फोन लावला. गाडी बंद करून गाणी ऐकतोस का, असं विचारलं. तो उखडला. गाडी उभी केली की मी आत पाऊलसुद्धा ठेवत नाही, वर ताडपत्री टाकलेली असते, असं म्हणाला. ताडपत्री कधीपासून, असं विचारलं तर तो म्हणाला, ह्याच आठवड्यापासून, मायच म्हणाली धूळ बसते. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच वेळी डोकं चालवलं असतं तर पुढची धावपळ वाचली असती, पण मला आधी भावावरच ओरडायचं होतं. मायने मागून फोन घेतला आणि तिचं मत सांगितलं, की ती डबीच पीत असेल. मी तिच्यावरही ओरडले. डबी मुंगीएवढं पिते, हा कुणीतरी हत्ती आहे, असं म्हटलं.

शनिवारी बारा तीन, रविवारी सकाळी बारा एक. रेघ माझ्या पट्टीच्या खुणेवरून तंतोतंत चालली होती. मला भीती वाटत होती आणि तरी आपलं बरोबर येतंय याने मी मनातल्या मनात उड्या मारत होते. दोन्ही एकदम होतं. स्कूटीवर पायाशी एका मोठ्या कारची, जुनी पण दणकट बॅटरी ठेवली, जम्प द्यायच्या केबली डिकीत कोंबल्या, क्लॅम्प मीटर पिशवीत घातला आणि निघाले. दोन तासांचा रस्ता. कालव्याच्या कडेने ऊस उभा होता, गेवराईच्या पुढे कापूस फुटायला लागला होता, आणि मी रस्ताभर हेल्मेटच्या आत संशयितांची नावं घेत होते: अल्टरनेटर, टेप, हॉर्नचा रिले, दाराचा दिवा.

पोचल्यावर पाणीही न पिता मी ताडपत्री ओढली आणि बॉनेट उघडलं. क्लॅम्प मीटर म्हणजे चिमट्यासारखं असतं, वायरीच्या भोवती धरलं की आतून किती करंट जातोय ते कळतं. चावी काढलेल्या गाडीत तो जवळजवळ शून्य हवा. मीटरने दाखवला पाऊण अँपियरच्याही वर. सापडलास, असं मी मोठ्याने म्हणाले. भाऊ अंगणात दात घासत उभा होता, तोही जवळ आला.

मग मी एकेक फ्यूज उपटायला लागले. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या वायरीवर. हेडलाइटचा काढला, आकडा तिथेच. टेपचा काढला, तिथेच. हॉर्न, वायपर, दारं. सगळे फ्यूज बॉनेटवर ओळीने मांडून झाले तरी आकडा ढिम्म. अल्टरनेटरची वायर सोडली, तरी ढिम्म. भाऊ म्हणाला, "अक्का, तुजी डबीबी खोटी अन हे मीटरबी खोटं. सोमवारी गाडी उठती का न्हाई ते सोमवारी बघू."

माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, "सोमवारी बघून काय करशील? मागं बघितलं की आपण."

तो फ्यूज परत खोचायला लागला. मला जास्त बोलल्यासारखं वाटलं. माय बाजेवर होती.  सोमवारच्या आदल्या दिवशी असतो तसा तिचा चेहरा फुगलेला होता. मी साडीचा पदर खोचला, पोतं अंथरलं आणि जीपखाली शिरले.

बॅटरीवरून एक जाड केबल खाली सेल्फच्या मोटरीकडे जाते. तिच्यात फ्यूज नसतो, चावीचाही संबंध नसतो. तिथे करंट कायम हजर. त्या मोटरीच्या बोल्टवर, ग्रीसमध्ये दडवलेली, एक बारीक लाल वायर होती. गाडीच्या कारखान्याने दिलेली नव्हे. मांडवाच्या लायटिंगला वापरतात तसली. मी बोटाने तिचा माग काढत निघाले. ती चेसीवरून वर गेली, रबराच्या भोकातून आत शिरली, डॅशबोर्डच्या कडेने सरकली आणि देवीच्या तसबिरीमागे गेली. तसबिरीवर लाल ओढणी घातलेली. मी ओढणी बाजूला करून हात घातला आणि पटकन मागे घेतला. गरम होतं. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा पिवळा बल्ब, एका पितळी निरांजनात बसवलेला, भर दुपारी जळत होता.

भाऊ म्हणाला, हा दिवा तर त्यालाही माहीत होता. गाडी चालवताना दिसायचा. चावी काढली की विझत असेल, असं त्याने धरून चाललं होतं. गाड्यांतले देवाचे दिवे तसेच असतात. रात्री तो जळतोय हे दिसू नये म्हणून ताडपत्री आली होती. मी ओढणी हातात धरून मागे वळले. ओढणीने पेट घेतला असता तर, हे मी म्हणणार होते. दिवा उपटायला दुसरा हात पुढे गेलाही होता.

माय बाजेवरून उठली होती. "काढू नको," ती म्हणाली. "आज सातवी माळ हाय."

मी विचारलं, "कावून लावला गं हा? घरात घट हाय, दिवा हाय."

"घरातला घरासाठी हाय. हा गाडीसाठी." तिला दम लागला म्हणून ती दाराला धरून थांबली. "मागं गाडी पडलती तवा मला वाटलं, आता काय मी तुमाला दिसत न्हाई. लई भ्यालते. मी देवीला म्हणलं, नऊ दिस तुजा दिवा इझू देत न्हाई, पर माझी गाडी थांबू देऊ नको."

घट बसले त्या दिवशी बीडहून परत येताना भाऊ गेवराईला चहाला थांबला होता. तेवढ्यात तिने देवीच्या मांडवाची लायटिंग लावणाऱ्याला हाक मारून हे काम करून घेतलं होतं. चावी काढली तरी विझता कामा नये, अशी तिने त्याला ताकीद दिली होती आणि त्या पठ्ठ्याने अगदी चोख काम केलं होतं. रोज सकाळी ती त्या दिव्याच्या शेजारी बसून मला उतरता आकडा सांगत होती. गाडी थांबू नये म्हणून लावलेला दिवा गाडी थांबवायला निघाला होता, आणि तिला खरोखर वाटत होतं की डबी पितेय.

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी दोन्ही केलं. भाऊ म्हणाला, काढ आता तो, माय, देवी समजून घेईल. मायने माझं मनगट धरून ठेवलं. तिने त्या दिव्याच्या जोरावर सात दिवस भीती बाजूला ठेवली होती. तो विझला असता तर सोमवारी जीप उठली काय आणि न उठली काय, माय आतून बसली असती, हे मला स्वच्छ दिसलं. असलं बघायला मला मीटर लागत नाही.

आणि त्या क्षणी मला स्कूटीवर पायाशी ठेवलेली बॅटरी आठवली. मी जवळजवळ पळतच गेले. भावाला म्हटलं, वायर आण, चिकटपट्टी आण, मागच्या सीटखाली जागा कर. युक्ती सोपी होती. दिव्याला त्याची स्वतःची बॅटरी द्यायची. फक्त हे करताना तो डोळ्याचं पातं लवेपर्यंतसुद्धा विझायला नको होता. म्हणून आधी दुसऱ्या बॅटरीची वायर दिव्याला जोडली, पहिली तशीच ठेवून. दोन्हीकडून एकदम करंट आल्यावर दिवा जरासा उजळला. माय दारात उभी राहून त्याच्याकडे टक लावून बघत होती. मी जीपखाली जाऊन सेल्फच्या बोल्टवरची लाल वायर सोडवली. खालून ओरडून विचारलं, जळतोय का?

"जळतोय," माय म्हणाली.

मी बाहेर आले तेव्हा माझ्या तोंडाला ग्रीस लागलेलं होतं. दुकानात आयुष्यात इतक्या बॅटऱ्या बदलल्या, पण एवढा आनंद मला एकाही बदलीने दिला नव्हता. ओढणी मात्र मी काढून घेतली. दिव्याभोवती झेंडूची माळ घातली, तीही बल्बपासून बोटभर दूर. मग जीपच्या बॅटरीला खाद्य मिळावं म्हणून भावाने अर्धा तास इंजिन चालवलं, आणि मी मायला तिचं नवं काम समजावलं. गाडी चालू असली की दोन्ही बॅटऱ्यांना जोडणारी ही मी टाकलेली निळी वायर जोडायची, म्हणजे दिव्याची बॅटरीही वाटेत भरते. गाडी बंद करायच्या आधी काढायची. विसरलीस तर पुन्हा सगळं तेच. मी वहीत पट्टी लावून दिव्याचीही रेघ काढली आणि तिला सांगितलं, असं केलंस तर दसऱ्याच्या सकाळी घट उठेपर्यंत दिवा जळेल. तिने निळी वायर तीन वेळा जोडून, काढून दाखवली. दुकानातली डबी मी पिशवीत आणली होती, ती दिव्याच्या बॅटरीला लावून दिली.

सोमवारी मी पाच वाजल्यापासून मोबाइल हातात घेऊन ओट्याशी उभी होते. सहाला पाच कमी असताना मेसेज आला. आधी सेल्फचा आवाज. इंजिन एका दमात उठलं, ते मी चारदा ऐकलं. मग मायचा आवाज. "गाडी बारा पाच. दिवा बारा चार. माजं वजन चौपन्न." वजन मी मागितलं नव्हतं. तिने आपणहून स्वतःला तिसऱ्या ओळीत घातलं होतं.

दसऱ्याला घट उठले, मग दिवा काढला. भाऊ माजलगावच्या बाजारात आला होता तेव्हा बॅटरी दुकानात परत देऊन गेला. मी ती विक्रीच्या बॅटऱ्यांत ठेवायला उचलली, तेवढ्यात मायचा फोन आला. ती म्हणाली, "ती बॅटरी कुणाला देऊ नको. फुडच्या सालाला लागंल."

मी हो म्हटलं आणि बॅटरीवर खडूने फुली मारली. नुसती ठेवलेली बॅटरी आपोआप उतरत जाते. महिन्याला एकदा तिला चार्जिंगला लावलं तर टिकते. मी तिला वर्षभर दर महिन्याला लावत आले. दुकानात कुणी ती मागितली की ती विकायची नाही एवढंच सांगते. मधल्या काळात मायचे दिवस चढउतारांचे गेले. पावसाळ्यात पंधरा दिवस तिचा आवाज इतका बारीक यायचा की मी मोबाइल कानाला दाबून आकडे ऐकायचे. पण एकही सकाळ चुकली नाही.

आता नवरात्राला आठ दिवस उरलेत. आज सकाळी मेसेज आला तेव्हा मी दुकान झाडत होते. "गाडी बारा सहा. वजन एक्कावन्न. दिव्याची बॅटरी भरली हाय का न्हाई, ते बघून सांग." मी केरसुणी तशीच टाकली, फळीवरून बॅटरी खाली काढली, मीटर लावलं आणि तिला कळवलं, बारा सात.